एटी आणि लिम्फोमा: किरणोपचारांचा धडा कसा मिळाला

ॲटॅक्सिया-टेलँजिएक्टेसिया (एटी) हा आनुवंशिक आजार आधी मज्जातंतूतज्ज्ञांच्या नजरेला पडला. १९२६ मध्ये सिलाबा आणि हेनर यांनी तीन चेक भावंडांमधल्या वाढत जाणाऱ्या अनैच्छिक हालचाली आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागावरच्या लाल रक्तवाहिन्या नोंदवल्या. १९४१ मध्ये लुई-बार यांनी नऊ वर्षांच्या बेल्जियन मुलाचे वर्णन केले. तोपर्यंत हा लहान मेंदूचाच आजार वाटत होता. १९५७ मध्ये लॉस एंजेलिसच्या बोडर आणि सेजविक यांनी त्याला आजचे नाव दिले. छातीचा आणि सायनसचा वारंवार होणारा संसर्गही त्यांनी या आजारातच मोजला. शवविच्छेदनात थायमस ही प्रतिकारशक्तीच्या पेशी घडवणारी छातीतली ग्रंथी सापडली नाही, तेव्हा रोगप्रतिकारशक्तीचा प्रश्न पुढे आला.

पुढचा धडा फार महागात पडला. १९६७-६८ च्या सुमारास लिम्फोमा (लसिका संस्थेचा कर्करोग) झालेल्या एटीच्या मुलांना नेहमीच्या मात्रेत किरणोपचार दिले गेले आणि त्वचा व आतले अवयव भयंकर भाजले. काही मुले त्यातच दगावली. चूक मात्रा मोजण्यात नव्हती. १९७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या माल्कम टेलर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की एटीच्या रुग्णांच्या पेशीच किरणांना विलक्षण नाजूक असतात.

कारण हाती यायला आणखी वीस वर्षे लागली. १९८८ मध्ये जनुकाची जागा ११ व्या गुणसूत्रावर सापडली. १९९५ मध्ये तेल अवीवच्या योसेफ शिलोह यांच्या गटाने एटीएम जनुक ओळखले. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की एटीएम प्रथिन पेशीचे विभाजन थांबवून दुरुस्तीची हाक देते. टी आणि बी या प्रतिकारशक्तीच्या पेशी घडताना शरीर स्वतःच डीएनए कापून पुन्हा जोडते. एटीएम नसेल तर हे जोड चुकतात, ७ आणि १४ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. प्रतिकारशक्ती कमी पडते ती इथे, आणि लिम्फोमाचे बीजही इथेच पडते. एटीच्या साधारण चार रुग्णांमागे एकाला आयुष्यात कर्करोग होतो. लहान वयात तो बहुधा लिम्फोमा किंवा ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) असतो.

निदान उशिरा होते, कारण मूल चालायला लागल्यावर त्याचा तोल जातो, पण डोळ्यांतल्या लाल रेषा बहुतेकदा काही वर्षांनी उमटतात. तोवर 'सेरेब्रल पाल्सी'चा (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होणाऱ्या विकाराचा) शिक्का बसतो. सुरुवातीचा एमआरआय नॉर्मल येऊ शकतो. लिम्फोमा आधी उघड झाला, तर धोका सर्वांत मोठा. म्हणून लिम्फोमा झालेल्या मुलाची चाल डळमळीत असेल, बोलणे अडखळत असेल, तर किरणोपचार ठरवण्याआधी रक्तातले अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन तपासावे. १९७२ पासून माहीत असलेली ही साधी तपासणी आहे. दोन वर्षांवरील एटीच्या बहुतेक सर्व मुलांत ते वाढलेले असते. त्याहून लहान बाळात ते तसेही जास्त असते, तिथे या आकड्यावर विसंबू नये. पक्के निदान जनुक तपासणीने होते.

एटी ठरल्यावर किरणोपचार शक्यतो टाळतात. क्ष-किरणांच्या सीटी स्कॅनऐवजी सोनोग्राफी, एमआरआय वापरतात. किरणांप्रमाणेच डीएनए तोडणारे ब्लिओमायसिन हे कर्करोगाचे औषध वर्ज्य. इतर औषधांपैकी सायक्लोफॉस्फामाइडने मूत्राशयातून रक्तस्राव होऊ शकतो, व्हिन्क्रिस्टिनने हातापायांच्या नसा आणखी दुबळ्या होतात. पण औषधांची मात्रा फार कापली, तर लिम्फोमा हाताबाहेर जातो. त्यामुळे कमी मात्रेने सुरू करून, मूल सोसते तशी ती वाढवत नेणे अनेक डॉक्टर पसंत करतात.