रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या मिळत नाहीत? गोव्यातल्या परवानाधारकांनी आधी हे कागद तपासा

घरात पॉइंट थ्री टूचं रिव्हॉल्व्हर असलेल्या गोव्यातल्या माणसाची तक्रार हल्ली एकच असते. गोळ्या मिळत नाहीत, आणि मिळाल्याच तर भाव ऐकून हात आखडतो. तक्रार खरी आहे. आपल्याकडच्या परवानाधारकांना मिळणारी या बोअरची, म्हणजे नळीच्या या मापाची, देशी काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली. त्यांच्या बुडावर ‘केएफ’ असा ठसा असतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. खडकी ‘म्युनिशन्स इंडिया’कडे गेली, रिव्हॉल्व्हर बनवणारं कानपूर दुसऱ्या कंपनीकडे. या कारखान्यांचं मुख्य काम सैन्यदलांसाठी चालतं, आणि परदेशी काडतुसांची आयात मोकळी नाही. त्यामुळे दुकानात माल आला की आधीपासून नाव सांगून ठेवलेल्यांचा नंबर लागतो.

परवान्याचे अर्ज लिहून देताना मला वेगळंच दिसतं. टंचाईमुळे माणूस घाईला येतो आणि घाईत परवान्याबाहेरचं काहीतरी करून बसतो. गोळ्या नसल्यामुळे अडकलेले थोडे, कागद न वाचल्यामुळे अडकलेलेच जास्त. म्हणून नेहमीच्या पायऱ्या इथे थोडक्यात सांगतो आणि अडणाऱ्या जागांवर जास्त थांबतो.

परवान्यावरचे दोन आकडे

तुमच्या परवान्यावर दारूगोळ्याचे दोन आकडे असतात: एका वेळी जवळ किती बाळगता येतील आणि वर्षभरात किती विकत घेता येतील. बहुतेकजण दुसराच वाचतात. समजा, जवळ बाळगण्याची मर्यादा पन्नास आहे आणि कपाटात पस्तीस गोळ्या पडून आहेत. मग वर्षाचा कोटा पूर्ण शिल्लक असला तरी आज तुम्हाला पंधराच घेता येतील. कपाटातल्या पस्तीसपैकी वीस जुन्या, हिरव्या पडलेल्या आणि उडणार नाहीत अशा असल्या तरी त्या मोजणीत येतातच. निकामी गोळी विहिरीत किंवा नदीत टाकू नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे लेखी पोच घेऊन जमा करा, तेवढी जागा मोकळी होते. गेल्या वर्षीचा न वापरलेला कोटा यंदाच्या कोट्यात मिळवता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

आकडा वाढवून हवा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. ‘स्वसंरक्षणासाठी जास्त गोळ्या हव्यात’ एवढ्या एका ओळीवर अर्ज मंजूर होत नाही, आणि व्हावा अशी अपेक्षाही ठेवू नका. सराव करत असाल तर कुठे करता त्याचं पत्र जोडा. नियमित नेमबाज असाल तर राष्ट्रीय रायफल संघटनेच्या सदस्यत्वाचा आणि स्पर्धांचा मार्ग वेगळा आहे. खेळाडूंच्या कोट्याचे नियमही वेगळे आहेत, त्यामुळे घरगुती परवान्यावर खेळाडूचा कोटा मागू नका.

बोअरच्या नोंदीतही घोळ होतो. जुन्या, हातानं लिहिलेल्या पुस्तिकेत कधीकधी नुसतं ‘.३२’ लिहिलेलं असतं, रिव्हॉल्व्हर की पिस्तूल याचा पत्ता नसतो. दोन्हींची काडतुसं वेगळी आहेत. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि ते पिस्तुलाच्या काडतुसापेक्षा लांब असतं. नोंद अर्धवट असेल तर चांगला विक्रेता गोळ्या देत नाही, आणि तो बरोबरच करतो. हत्याराचा नंबर, बनवणारी कंपनी आणि बोअर यांच्या नोंदींची दुरुस्ती टंचाईच्या आधीच करून घ्या. ‘बसते तरी’ म्हणून पिस्तुलाची गोळी रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत घालणाऱ्यांना हात जोडून सांगतो, तसं करू नका.

गोव्याबाहेर जाऊन घेणं

भाव विचारायला चार दुकानांत फोन करणं, माल कधी येणार याची चौकशी करणं, यात गैर काहीच नाही. उलट ते करावंच, कारण भावात फरक असतो. अडचण माल आणताना येते. परवान्यावर ‘क्षेत्र’ असं एक कलम असतं. ते गोवा राज्यापुरतंच असेल, तर बेळगाव, कोल्हापूर किंवा पुण्याला जाऊन घेतलेल्या गोळ्या घेऊन तुम्ही महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उभे राहता तेव्हा तुमचा परवाना तिथे लागूच नसतो. पत्रादेवी, केरी, मोले, पोळे यांपैकी कोणत्याही नाक्यावर गाडी तपासली तर ‘पण माझ्याकडे परवाना आहे’ हे उत्तर पुरत नाही. विनापरवाना बाळगल्याचं कलम लागलं तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा दोन वर्षांची आहे आणि ती पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते.

म्हणून आधी क्षेत्रवाढीचा अर्ज करा. इथे जो कागद कुणाकडेच नसतो, तो म्हणजे गोव्यात माल मिळत नाही याचा पुरावा. तोंडी सांगून काही उपयोग नाही. ज्या दुकानात विचारलं त्याच्याकडून लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या: अमुक बोअरची काडतुसं सध्या उपलब्ध नाहीत, तारीख, सही, शिक्का. विक्रेते हे पत्र द्यायला कंटाळतात, तरी नेटानं मागा. कारकुनाच्या टेबलावर अर्ज पुढे सरकवायला हाच कागद कामाचा ठरतो. त्यासोबत मूळ परवान्याची प्रत, गेल्या खरेदीच्या पावत्या आणि सध्या हाती असलेल्या गोळ्यांची संख्या द्या.

खरेदीला स्वतः जा आणि मूळ परवाना घेऊन जा. ड्रायव्हरला किंवा भाच्याला पाठवू नका. विक्रेत्यानं परवान्यावर खरेदीची नोंद केल्याशिवाय दुकानाबाहेर पडू नका. मोबाइलवर ‘घरपोच काडतुसं’ अशी जाहिरात दिसली तर तिकडे वळूच नका. पैसे जातात ते वेगळंच, आणि कुरिअरमध्ये गोळ्या सापडल्या की पाकिटावरचं नाव तुमचं असतं.

विमानानं जाणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेली एक गोळी दाबोळी किंवा मोपाच्या तपासणीत सापडली तरी प्रकरण पोलिसांकडे जातं. सरावाला नेलेली बॅग प्रवासाला वापरू नका.

मित्राकडून ‘थोड्या’ घेणं

हा गोव्यातला सर्वांत सामान्य प्रकार, आणि लोकांना यात गुन्हा आहे हे पटतच नाही. दोघांकडेही परवाना, दोघांचंही बोअर एकच, मग एकानं दुसऱ्याला दहा गोळ्या दिल्या तर बिघडलं कुठे? शस्त्र कायदा १९५९ चं कलम ५ वाचा. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेला दारूगोळा दुसऱ्या पात्र माणसाला देता येतो, पण त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लेखी कळवावं लागतं. काय देणार, कोणाला देणार, त्याचं नाव आणि पत्ता. आणि ही माहिती दिल्यावर किमान ४५ दिवस जावे लागतात.

ही ४५ दिवसांची अट लोक उलटी वाचतात. ‘पंचेचाळीस दिवसांच्या आत कळवायचं’ असा अर्थ लावून आधी देतात आणि मग पत्र टाकतात. अर्थ तसा नाही. आधी पत्र, मग ४५ दिवसांची वाट, मग देणं. पत्राच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, कारण दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. कचेरीत ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तरी शिक्क्याशिवाय परतू नका. लोकांना शिक्का देताना जी चालढकल होते ती मला अजिबात मान्य नाही. पोच देणं हे टेबलावर बसलेल्या माणसाचं कामच आहे.

घेणाऱ्याच्याही दोन आकड्यांत त्या गोळ्या बसल्या पाहिजेत, हे वेगळं सांगायला नको.

घरी गोळ्या भरणं

रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवायच्या, टोपी (बुडातला पेट घेणारा भाग), दारू आणि शिसं मिळवायचं आणि घरीच भरायच्या, ही कल्पना परदेशी व्हिडिओ बघून येते. तिकडे ते चालत असेल. इथे स्पष्ट सांगतो: तुमचा परवाना हत्यार आणि दारूगोळा मिळवण्याचा, बाळगण्याचा, वाहून नेण्याचा आहे. बनवण्याचा नाही. बनवण्यासाठी कलम ५ खालचा वेगळा परवाना लागतो आणि तो घरात रिव्हॉल्व्हर ठेवणाऱ्याला मिळत नसतो. कायद्याच्या व्याख्येत ‘दारूगोळा’ म्हणजे फक्त तयार गोळी नाही; तिचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही त्यात येते. म्हणजे भरायचं यंत्र मागवून ठेवलं आणि एकही गोळी भरली नाही, तरी अडचण आहेच. विनापरवाना बनवण्याची शिक्षा २०१९ नंतर किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. दोन-चार हजार वाचवण्यासाठी घरच्यांना एवढ्या मोठ्या संकटात टाकू नका.

सत्तरी, सांगे, काणकोणच्या बागायतदारांकडे शेतीरक्षणासाठी ठासणीच्या बंदुका असतात आणि त्यांत दारू ठासूनच भरतात. त्यांचा परवाना त्या हत्याराचा आहे. त्याचा दाखला देऊन रिव्हॉल्व्हरचं काडतूस भरता येत नाही.

भरलेली किंवा कुठूनतरी आणलेली गोळी ‘उडते का बघूया’ म्हणून कुळागरात, बांधावर झाडून बघणंही बंद करा. इतरांच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजी गोळीबार हा आता स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

नेहमीचे कागद, आणि त्यात अडणारे

नवा परवाना असेल तर नमुना ए-१ मध्ये अर्ज, वय २१ पूर्ण, ओळख आणि रहिवासाचा पुरावा, फोटो, पोलीस चौकशी. हे सगळ्यांना माहीत असतं. अडतात ते तीन जोडकागद: एस-१ म्हणजे हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, एस-२ म्हणजे सुरक्षित साठवणुकीची हमी आणि एस-३ म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र. एस-१ अर्ज केल्यावर शोधायला निघू नका, ते हातात आल्यावर अर्ज करा. एस-३ वर मानसिक स्वास्थ्याचाही उल्लेख लागतो, नुसतं ‘तब्येत ठीक’ चालत नाही.

गोव्याची खास अडचण नावांची. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं ‘कामोतिम’, आधारवर ‘कामत’, परवान्यावर आणखी तिसरंच. पूर्वी हे कचेरीत चालून जायचं. आता राष्ट्रीय शस्त्र परवाना नोंदणीत प्रत्येक परवान्याला एक विशिष्ट क्रमांक असतो आणि संगणकाला तुमचं घराणं माहीत नाही. ही सगळी नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. पंचायतीनं घर क्रमांक बदलला असेल तर तसा दाखलाही घ्या. ज्या जुन्या परवान्याला तो विशिष्ट क्रमांक नाही, त्यावर गोळ्यांची चौकशी करण्याआधी कचेरीत जाऊन क्रमांकाचं बघा.

नूतनीकरणाची तारीख पुस्तिकेवर छापलेली तीच खरी. २०१९ च्या दुरुस्तीनं मुदत तीनची पाच वर्षं झाली हे ऐकून काहीजण जुन्या परवान्यावर स्वतःच दोन वर्षं धरून चालतात. मुदत संपली की हत्यारही बेकायदा आणि कपाटातल्या गोळ्याही. दोन-तीन महिने आधीच अर्ज द्या.

परवानाधारक वारला तर घरच्यांनी बारावं होईपर्यंत वाट पाहू नये. रिव्हॉल्व्हर आणि गोळ्या दोन्ही लगेच पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करा. लोक हत्यार जमा करतात आणि देव्हाऱ्याखालच्या पेटीतली काडतुसं विसरतात. वर्षांनी घर साफ करताना ती विधवेच्या हाती लागतात आणि त्या बाईंना ठाण्यात खेटे घालावे लागतात. पेटी, कपाट, जुन्या कोटांचे खिसे सगळं बघून घ्या.

आहेत त्या टिकवा

आपल्या पावसाळ्यात वापरापेक्षा दमटपणाच जास्त गोळ्या खातो. चामड्याच्या पट्ट्यात किंवा म्यानात काडतुसं ठेवू नका, पितळेवर हिरवा गंज चढतो. त्यांना तेल लावू नका, तेल टोपीत झिरपलं की गोळी मरते. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसकट, हत्यारापासून वेगळ्या कुलपात ठेवा. जुन्या आधी वापरा. घोडा पडूनही गोळी उडाली नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा-पाऊण मिनिट थांबा आणि मगच चक्री उघडा. हाताच्या सरावासाठी नकली काडतुसं वापरा, एकही खरी गोळी खर्च होत नाही.

वहीत खरेदी, वापर आणि शिल्लक लिहीत चला. निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी समितीच्या निर्णयाप्रमाणे हत्यार जमा करायची नोटीस येऊ शकते. त्या वेळी ठाण्यात मिळणाऱ्या पावतीवर रिव्हॉल्व्हरच्या नंबरासोबत काडतुसांची संख्या आणि बोअरही लिहून घ्या, आणि परत घेताना त्याच पावतीवरून ठाण्यातच मोजून घ्या.