दहा लिटरच्या डब्यात साडेचारशे वॅट

छोट्या कॅबिनेटचा नाद लागलेली माणसं कॉम्प्युटर लिटरमध्ये मोजतात. कुकर घेताना आपण पाचचा की सातचा विचारतो, अगदी तसंच. साधारण २० लिटरच्या आतलं ते छोटं, आणि दहाच्या आसपासचं म्हणजे कौतुकाचं. फ्रॅक्टल डिझाइनचं टेरा १०.४ लिटरचं, तर डॅन ए४ जेमतेम ७.२ लिटरचं. आता एनव्हिडियाने २०२२ च्या ऑक्टोबरात आणलेलं आरटीएक्स ४०९० हे साडेचारशे वॅटचं ग्राफिक्स कार्ड घ्या. कंपनीची स्वतःची आवृत्ती ३०४ मिमी लांब, १३७ रुंद आणि ६१ जाड आहे. गुणाकार केला की अडीच लिटर येतात. दहा लिटरचा डबा घेतला, तर त्यातला पाव हिस्सा नुसत्या कार्डाचा.

मदरबोर्डाने मात्र आपली सोय कधीच करून ठेवली आहे. तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ साली मिनी-आयटीएक्स हा १७ सेंटिमीटर चौरस बोर्ड आणला, तो कमी विजेवर चालणाऱ्या शांत यंत्रांसाठी. त्यावर कार्ड खोचायला एकच स्लॉट असतो. त्या एका स्लॉटात पुढे कोणी साडेचारशे वॅटचं धूड खोचेल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नसावं.

माझं कार्ड ४०९० नाही. तेवढी ऐपत नाही. सेकंडहँड घेतलेलं आरटीएक्स ३०८०, ३२० वॅटचं, तीन पंख्यांचं. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, कार्डाची लांबी ३२५ मिमीपर्यंत चालेल. माझं कार्ड ३१८ चं. शिवाय शहाणपणा म्हणून बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा त्याच मापाने कापला आणि आत सरकवून पाहिला. सुळकन गेला. खरं कार्ड आलं तेव्हा पहिली अडचण ही, की ते सरळ जातच नाही. मागच्या पत्र्याची जीभ खाचेत बसवायची म्हणजे आधी कार्ड तिरकं धरावं लागतं, आणि तिरकी लांबी ३१८ हून जास्त भरते. पुठ्ठा वाकला होता, कार्ड कुठलं वाकायला! पुढची जाळी काढून ते कसंबसं बसवलं. मग विजेच्या केबली लावल्या आणि वरचं झाकण लागेना. लांबी मोजली, जाडी मोजली, पण कार्डाच्या कडेला खोचलेले प्लग आणखी तीन सेंटिमीटर वर येतात, हे पुठ्ठ्याला कुठून कळणार?

या तीन सेंटिमीटरांना फार हलक्यात घेऊ नये. नव्या कार्डांच्या सोळा पिनांच्या प्लगमधून १२ व्होल्टवर ६०० वॅटपर्यंत वीज नेता येते. म्हणजे ५० अँपिअर. घरातला गीझरचा पॉइंट १६ अँपिअरचा असतो, हे शेजारी ठेवून पाहा. हे ५० अँपिअर सहा पिना वाटून घेतात, प्रत्येकी आठाच्या थोडं वर. प्लग नीट खोचला गेला नाही किंवा केबल तोंडाशीच दाबून वाकवली, तर एखादी पिन अर्धवट टेकते, तिचा रोध वाढतो आणि तिच्या वाट्याचा प्रवाह बाकीच्यांवर जातो. पिनेत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. २०२२ साली ४०९० चे वितळलेले प्लग दिसू लागले ते याच जागी. पुढे प्लगचा आराखडा सुधारला. त्यातल्या बारीक संकेत-पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग पुरता बसलेला नसेल तर कार्ड पूर्ण वीज मागूच नये. केबल बनवणारे सांगतात की प्लगपासून निदान ३५ मिमी केबल सरळ असू द्या. १३७ अधिक ३५ म्हणजे १७२ मिमी. हे माप कार्डाच्या खोक्यावर छापलेलं नसतं.

मुळात कार्ड एवढं मोठं का? त्यातली चिप तर टपाल तिकिटाएवढी आहे. ४०९० ची साधारण ६०८ चौरस मिलिमीटर, म्हणजे सहा चौरस सेंटिमीटर. बाकी सगळा पसारा तिला थंड ठेवण्याचा. हजार वॅटच्या इस्त्रीचा तवा सुमारे दोनशे चौरस सेंटिमीटरचा धरला, तर दर चौरस सेंटिमीटरला पाच वॅट पडतात. चिपवर तोच आकडा पन्नासाच्या पुढे जातो. एवढी उष्णता हवेला थेट देता येत नाही, म्हणून चिपला चिकटून तांब्याची एक पोकळ चपटी पेटी असते. तिच्यातली हवा काढून आत चमचाभराहूनही कमी पाणी ठेवलेलं असतं. दाब इतका कमी की ते पन्नास अंशांनाही उकळतं. वाफ थंड भागाकडे पळते, तिथे पुन्हा पाणी होते, आणि समईच्या वातीतून तेल चढावं तसं ते पाणी आतल्या सच्छिद्र तांब्यातून परत चिपपाशी येतं. २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्सच्या काही कार्डांत हे पाणी कमी भरलं गेलं होतं. पूर्ण ताकदीने चालवल्यावर चिपमधला सर्वांत तापलेला बिंदू ११० अंशांवर जायचा.

पाणी आपलं काम करतं. पुढचं काम हवेचं, आणि छोट्या डब्याची खरी परीक्षा तिथे आहे. हिशेब सोपा आहे. एक किलो हवा एक अंशाने तापवायला साधारण १००५ जूल लागतात. ४५० वॅट बाहेर न्यायचे आणि हवा दहा अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर सेकंदाला ४५ ग्रॅम हवा हवी. तिचं आकारमान सुमारे ३९ लिटर. दहा लिटरच्या डब्यातली सगळी हवा सेकंदाला चार वेळा बदलली पाहिजे! माझ्या ३२० वॅटच्या कार्डालासुद्धा ती जवळजवळ तीनदा बदलावी लागते. तेव्हा आत हवेसाठी 'मोकळी जागा' ठेवायला हवी, या म्हणण्यात फारसं तथ्य नाही. आत साठलेली हवा पाव सेकंदाची सोबतीण. हवेला वाट मिळते की नाही, एवढंच बघायचं.

म्हणूनच सँडविच पद्धतीची कॅबिनेट दिसतात त्यापेक्षा बरी निघतात. मदरबोर्ड एका बाजूला, मध्ये पत्र्याचा कणा, पलीकडे कार्ड. कार्डाचे पंखे थेट बाजूच्या जाळीला भिडलेले असतात, त्यामुळे त्यांना बाहेरची ताजी हवा मिळते. गोम आहे ती पंखा आणि जाळीमधल्या फटीत. फट अगदीच अरुंद असली तर हवा जाळीवर घासून शिट्टी वाजवते. फट नको तेवढी रुंद असली, तर कार्डातून निघालेली गरम हवा वळसा घालून पुन्हा पंख्यात शिरते. मी कार्डाच्या कडेने फोमच्या पट्ट्या चिकटवून तो वळसा बंद केला. दिसायला गचाळ, पण तीन-चार अंश उतरले.

सँडविचची किंमत मोजावी लागते ती रायझर केबलमध्ये, म्हणजे बोर्ड आणि कार्ड जोडणाऱ्या केबलीत, कारण कार्ड आता बोर्डात थेट खोचलेलं नसतं. बोर्ड आणि कार्डामधल्या जोडणीच्या, म्हणजे पीसीआयईच्या, ४.० आवृत्तीत प्रत्येक तारजोडीतून सेकंदाला १६०० कोटी बिट जातात. एका बिटच्या वाट्याला ६२.५ पिकोसेकंद येतात. तेवढ्या वेळात केबलमधला संकेत साधारण बारा-तेरा मिलिमीटर सरकतो. वीस सेंटिमीटरच्या केबलीत एका वेळी पंधरा-सोळा बिट रांगेत चाललेले असतात. केबल करकचून दुमडली की या रांगेत गडबड होते आणि स्क्रीन काळी पडते. जुन्या ३.० च्या केबलीवर ४.० चं कार्ड लावणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन स्लॉटचा वेग ३.० वर ठेवला की बहुतेकदा भागतं.

माझं झाकण शेवटी लागलं ते प्लगला काटकोनी अडॅप्टर बसवल्यावर. उन्हाळ्याचं काय, हा प्रश्न मात्र राहिलाच होता. पुण्यात एप्रिलच्या दुपारी खोली ३५ अंशांवर गेली की कार्डही हिवाळ्यापेक्षा तेवढ्याच फरकाने वर जातं. पंखा हवा ढकलतो, थंड करत नाही. मग व्होल्टेज उतरवलं. चिपचा वीजवापर व्होल्टेजच्या वर्गावर चालतो. वेग तोच ठेवून १.०५ व्होल्टवरून ०.९ वर आलं, तर वापर ७३ टक्क्यांवर येतो. प्रत्यक्षात वेगही थोडा सोडावा लागतो, सगळी वीज चिपच खाते असंही नाही. माझं कार्ड ३२० वरून २५० च्या आसपास आलं. खेळताना फरक डोळ्यांना कळत नाही, कानांना कळतो.

पुठ्ठ्याचं कार्ड अजून कपाटावर होतं. प्लगच्या जागी त्याला तीन सेंटिमीटरचा ठोकळा चिकटवून ठेवला होता. परवा एक मित्र ते मागून घेऊन गेला. रात्री त्याचा मेसेज आला: नऊ मिलिमीटर कमी पडतायत, बाजूचा पत्रा कापू का?