एम्पोरियाचे स्मारक आणि ‘ऑल’ हा शब्द

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील एम्पोरिया हे सुमारे २४ हजार वस्तीचे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे शहर. शेजारच्या फ्लिंट हिल्स टेकड्यांमध्ये मातीच्या पातळ थराखालीच चकमकीचा दगड लागतो. तिथे नांगर चालला नाही, म्हणून उत्तर अमेरिकेत इतरत्र शेतीखाली गेलेली उंच गवताची कुरणे या भागात टिकून राहिली. गावाच्या दक्षिण टोकाला, कॉटनवुड नदीलगतच्या सोडन्स ग्रोव्ह उद्यानात, १९९१ साली माजी सैनिकांचे स्मारक उभे राहिले. त्याचे नाव ‘ऑल व्हेटरन्स मेमोरियल’. यातल्या ‘ऑल’ला, म्हणजे ‘सर्व’ या शब्दाला, या गावात जुना इतिहास आहे.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी अकरा वाजता पहिल्या महायुद्धातील शस्त्रसंधी अमलात आली. १९१९पासून अमेरिकेत हा दिवस ‘आर्मिस्टिस डे’ म्हणून पाळला जाऊ लागला आणि १९३८मध्ये कायद्याने त्याची सुट्टी जाहीर झाली. रणांगणावर मरण पावलेल्यांसाठी मे महिन्यातला ‘मेमोरियल डे’ त्याआधीपासूनच होता. पुढे दुसरे महायुद्ध झाले, १९५३च्या जुलैमध्ये कोरियातील लढाईही थांबली. पण त्या युद्धांतून जिवंत परतलेल्या लाखो सैनिकांच्या वाट्याला दिनदर्शिकेतला एकही दिवस आला नव्हता.

एम्पोरियात पादत्राणांचे दुकान चालवणाऱ्या अल किंग यांना ही उणीव खटकली. त्यांनी मुलासारखा वाढवलेला भाचा दुसऱ्या महायुद्धात मारला गेला होता. ११ नोव्हेंबर हा सर्वच युद्धांतील सैनिकांचा दिवस असावा, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. गावातील व्यापारी संघटनेने चाचपणी केली, तेव्हा दहापैकी नऊ दुकानदार त्या दिवशी दुकान बंद ठेवायला राजी निघाले. शाळांच्या मंडळानेही होकार दिला. सणासुदीच्या खरेदीच्या तोंडावर एक दिवसाचा गल्ला सोडायचा, ही व्यापाऱ्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. त्या वर्षी, १९५३मध्ये, गावाने ‘ऑल व्हेटरन्स डे’ साजरा केला.

एम्पोरियाचेच रहिवासी असलेले काँग्रेस सदस्य एड रीस यांनी विधेयक आणले आणि १ जून १९५४ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यावर सही केली. आयझेनहॉवर यांचे बालपणही कॅन्ससमधल्याच अबिलीन या लहान गावात गेले होते. कायद्यात नाव आले ते मात्र नुसते ‘व्हेटरन्स डे’. ‘ऑल’ गळाला होता.

श्रेयाचा वाद अर्थातच आहे. अलाबामातील बर्मिंगहॅम येथे रेमंड वीक्स यांनी १९४७पासूनच असा सोहळा सुरू केला होता आणि १९८२मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्यासाठी त्यांचा गौरव केला. कल्पना आधी कोणाची, हे पाहिले तर वीक्स यांचे पारडे जड ठरते. कायदा मात्र एम्पोरियाच्या खटपटीतून झाला. २००३मध्ये काँग्रेसने या दिवसाचे संस्थापक शहर म्हणून एम्पोरियालाच मान्यता दिली.

दरम्यान या दिवसाची एकदा फरफटही झाली. सलग तीन दिवसांची सुट्टी मिळावी म्हणून १९७१पासून तो ऑक्टोबरमधल्या चौथ्या सोमवारी ढकलला गेला. लोकांना ते रुचले नाही आणि १९७८मध्ये ११ नोव्हेंबर ही तारीख परत आली. आणखी तेरा वर्षांनी सोडन्स ग्रोव्हमध्ये स्मारक झाले, तेव्हा कायद्यातून गळालेला ‘ऑल’ त्याच्या नावात सर्वांत आधी होता.