आयओएम नौका

आयओएम (इंटरनॅशनल वन मीटर) हा रेडिओने चालवायच्या छोट्या शिडाच्या नौकांचा आंतरराष्ट्रीय शर्यत-वर्ग आहे. त्याची पहिली नियमावली १९८८ ची. धडाची लांबी जास्तीत जास्त १००० मिमी आणि सज्ज नौकेचे वजन किमान ४००० ग्रॅम असावे लागते. त्यातले २२०० ते २५०० ग्रॅम वजन धडाखालच्या उभ्या पात्याचे, म्हणजे फिनचे, आणि तिच्या टोकाच्या शिशाच्या गोळ्याचे असते. निम्म्याहून अधिक भार असा खोल पाण्यात असल्याने वाऱ्याने आडवी केलेली नौका पुन्हा उभी राहते. खर्च आवाक्यात राहावा म्हणून धडात कार्बन तंतू चालत नाही. डोलकाठीही ॲल्युमिनियमची किंवा लाकडाची लागते.

किटमध्ये काचतंतूचे तयार धड मिळते, किंवा लाकडी पट्ट्या जोडून ते घडवावे लागते. पट्ट्यांचे काम वेळखाऊ. पण खरी कसोटी फिन बसवायच्या खाचेची. ती १ अंशाने कलली, तर ३०० मिमी खाली टोक ५ मिमी सरकते. म्हणून इपॉक्सी (खाचेत फिन चिकटवायचा, सुकून घट्ट होणारा गोंद) सुकण्याआधी मागून एक डोळा मिटून पाहायचे: डोलकाठी, फिन आणि सुकाणू एका रेषेत दिसले पाहिजेत. सुकलेले इपॉक्सी मग कोणाचे ऐकत नाही.

रेडिओवरून दोनच गोष्टी हलवता येतात: सुकाणू आणि शिडांचे दोर. पुढचे व मागचे शीड एकाच मोटरवर चालते. डोलकाठीचा बाक, शिडाचे पोट, वरच्या टोकाचा पीळ हे सगळे काठावरच ठरवून द्यावे लागते. त्यासाठी दोरांवर बाउझी नावाचे इवलेसे छिद्रांचे तुकडे ओवतात. दोर छिद्रांतून नागमोडी गेलेला असतो. ताण असताना बाउझी जागची हलत नाही, बोटाने तिरकी केली की सरकते. ओल्या, गारठलेल्या बोटांनी ती २ मिमी सरकवणे हे या छंदातले सर्वांत चिडचिडे काम असावे.

पुढच्या शिडाची आडवी काठी एका टोकाला जखडलेली नसते. टोकापासून थोडी मागे, फिरत्या कडीवर ती डेकला, म्हणजे धडाच्या वरच्या पृष्ठभागाला, जोडलेली असते. त्यामुळे दोर सैल सोडताच शीड आपोआप बाहेर झुलते.

डेकच्या झाकणांवर चिकट शीडकापडाचे तुकडे लावतात. तरीही पाणी शिरतेच. म्हणून मागे बूच असलेले छिद्र ठेवतात आणि शर्यतीनंतर नौका तिरपी धरून आतले पाणी काढतात.

शिडांचे संच तीन. मुख्य शिडाची पुढची कड त्यांत साधारण १६००, ११८० आणि ८८० मिमी असते. वाऱ्याच्या मानाने मोठा संच चढवला, तर वारा पाठीमागून आला की नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, पाण्यात घुसते आणि सुकाणू वर निघून निकामी होते. संच बदलायचा तर नौका आधी काठाला आणावी लागते.