वेलांटी जागेवर आणताना

भाच्यासाठी एकदा दिवाळीच्या सुट्टीत मोबाइलवरचा छोटा गेम करायला घेतला होता. अंगणातला मातीचा किल्ला, त्यावर मावळे मांडायचे, बस्स. पहिल्याच स्क्रीनवर ठसठशीत अक्षरांत ‘किल्ला’ लिहिलं आणि गेम चालवला. पडद्यावर आला आधी एकटा क, मग पहिली वेलांटी शेजारच्या ल च्या डोक्यावर, त्या ल चा पाय मोडलेला, आणि शेवटी ला. भाच्याने बोट ठेवून वाचलं आणि विचारलं, “मामा, कलिला म्हणजे काय रे?”

फॉन्टचा दोष नव्हता. तोच फॉन्ट इतर सगळीकडे नीट उमटत होता. चूक होती ती मी वापरत होतो त्या गेम इंजिनात.

गेम इंजिन म्हणजे गेमच्या खालचा सगळा पाया. चित्रं काढणं, आवाज वाजवणं, चेंडू भिंतीवर आपटला की परत उडवणं, बोटाचा स्पर्श ओळखणं, ही कामं प्रत्येक गेमसाठी नव्याने कोण लिहीत बसणार? ती एकदा इंजिनात लिहिली की त्यावर हजारो गेम उभे राहतात. ‘गोडो’ हे असंच एक इंजिन. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मन्झूर यांनी ते घडवलं आणि २०१४ साली त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. नाव नाटककार सॅम्युअल बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोडो’ या नाटकातलं, ज्याची वाट बघतच राहावी लागते त्या इसमाचं. इंजिन कधी ‘पूर्ण’ होत नाही, हे त्यांना आधीच ठाऊक असावं. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन आणि ब्राउझर या सगळ्यांवर एकच गेम चालावा, अशी त्याची रचना आहे.

तर वेलांटी. ‘किल्ला’ हा शब्द संगणक उच्चाराच्या क्रमाने साठवतो: क, इकार, ल, हलन्त, ल, आकार. सहा चिन्हं. इंग्रजीपुरता विचार करणाऱ्याला वाटतं की एका चिन्हाला एक चित्र घ्यावं आणि डावीकडून उजवीकडे ओळीने मांडावं. देवनागरीत तसं केलं की ‘कलिला’ होतं. इकार साठवला जातो क च्या नंतर, पण काढायचा असतो क च्या आधी. दोन ल आणि हलन्त मिळून जोडाक्षर करायचं असतं. या जुळवणीला ‘शेपिंग’ म्हणतात. ते काम चोख करणारी ‘हार्फबझ’ नावाची मुक्त लायब्ररी, म्हणजे कुणालाही वापरता येणारा तयार कोड, आहे. अँड्रॉइड, क्रोम आणि फायरफॉक्स तीच वापरतात.

मग ती आणून जोडायला कितीसा वेळ? मलाही असंच वाटलं होतं. पण जुन्या पद्धतीत शब्दाची रुंदी म्हणजे अक्षरांच्या रुंदीची बेरीज. आता अक्षरं जुळली की रुंदी बदलते, म्हणून बटणं मोजणारा कोड बदलायचा. कर्सर ल्ल च्या मधे उभा राहू शकतो का? बॅकस्पेस दाबल्यावर अख्खं जोडाक्षर जावं की नुसता शेवटचा ल? ओळ कुठे मोडायची? अरबी उजवीकडून डावीकडे जाते, आणि तिच्या मधेच इंग्रजी आकडा आला तर? मजकूर दिसतो तिथे तिथे, म्हणजे जवळपास सगळीकडेच, हात घालावा लागतो. गोडोत हे सगळं मार्च २०२३ मध्ये आलेल्या ४.० या आवृत्तीत एका स्वतंत्र मजकूर-यंत्रणेच्या रूपाने आलं. त्याआधीची मोठी आवृत्ती, ३.०, जानेवारी २०१८ ची.

दुसऱ्या भानगडी इतक्या देखण्या नसतात. विंडोजला फाइलच्या नावातलं लहान-मोठं इंग्रजी अक्षर सारखंच; अँड्रॉइडला नाही. संगणकावर मस्त दिसणारा बुरूज फोनवर गायब होतो आणि कारण निघतं एक कॅपिटल बी. यात एक संध्याकाळ घालवलेला माणूस पुन्हा कधी फाइलच्या नावात मोठं अक्षर वापरत नाही. त्याहून चिवट प्रकार, ज्या सी प्लस प्लस भाषेत इंजिन लिहिलंय, त्या भाषेतच आहे. ‘कॅर’ नावाचा एका बाइटचा प्रकार आहे, त्यात उणे संख्या मावते की नाही हे भाषेने ठरवलेलंच नाही. नेहमीच्या इंटेल संगणकावर मावते. अँड्रॉइडच्या एआरएम चिपवर मावत नाही. तिथे उणे एक ठेवायला जावं तर २५५ होतात. आयफोनची चिपही एआरएमचीच, पण ॲपलच्या नियमाप्रमाणे तिथे पुन्हा मावते! कोड तोच, आणि ‘शून्यापेक्षा लहान आहे का?’ या प्रश्नाची उत्तरं दोन.

मला सगळ्यात आवडलेला बदल मात्र ऑगस्ट २०२४ च्या ४.३ आवृत्तीतला आहे. तो समजायला थोडा हिशोब लागेल.

त्रिमितीय दृश्य काढताना प्रत्येक ठिपक्यासाठी ‘खोली’ नोंदवून ठेवतात, म्हणजे ती वस्तू कॅमेऱ्यापासून किती लांब आहे. डोंगराआड घर असेल तर घर काढायचं नाही, हे त्यावरूनच ठरतं. ही खोली ० ते १ मध्ये साठवतात. अगदी जवळ म्हणजे ०, क्षितिजावर १. पण पर्स्पेक्टिव्हच्या, म्हणजे लांबचं लहान दिसण्याच्या, गणितामुळे हे वाटप भलतंच असमान होतं. कॅमेऱ्याची जवळची सीमा ५ सेंटिमीटर आणि लांबची ४ किलोमीटर धरा. पहिल्या ५ सेंटिमीटरमध्येच, म्हणजे १० सेंटिमीटरच्या अंतरावर पोचेपर्यंत, निम्मी पट्टी संपते. ५ मीटरवर पोचेस्तोवर ९९ टक्के खलास. त्यापुढचं झाड, डोंगर, आकाश, सगळ्यांनी उरलेल्या एका टक्क्यात दाटीवाटीने राहायचं.

त्यात संगणकाच्या दशांश संख्यांची खोड अशी की शून्याजवळ त्या अतिशय दाट असतात आणि १ कडे जाता जाता विरळ होतात. म्हणजे जिथे आधीच सगळं भरपूर आहे तिथे आणखी बारकावा, आणि जिथे टंचाई आहे तिथे टंचाईच. वरच्या आकड्यांनी हिशोब केला तर २ किलोमीटरवर दोन वस्तूंमध्ये साधारण ५ मीटर अंतर असेल तरच त्यांतली पुढची कोणती हे यंत्राला कळतं. नाहीतर लांबची भिंत आणि तिच्यामागचा डोंगर एकमेकांतून लुकलुकायला लागतात. गेम करणारे याला झेड-फायटिंग म्हणतात.

उपाय गमतीदार आहे: पट्टी उलटी धरायची. जवळ म्हणजे १, लांब म्हणजे ०. आता पर्स्पेक्टिव्हची टंचाई आणि संख्यांची दाटी एकाच टोकाला येतात आणि एकमेकांना भरून काढतात. कागदावरच्या हिशोबात त्याच २ किलोमीटरवरचा बारकावा मिलिमीटरच्याही खाली उतरतो. जादा मेमरी नाही, जादा वेळ नाही. ही युक्ती ग्राफिक्सवाल्यांना जुनीच माहीत होती, त्यामुळे ‘मग आधीच का नाही केलं?’ हा प्रश्न रास्त आहे.

कारण ‘लांब म्हणजे १’ हे गृहीत धरून लिहिलेला कोड जागोजागी असतो. सावल्या, धुकं, आकाश, प्रत्येकाची तुलना उलटी करायची. तेवढं इंजिनवाल्यांच्या हातात होतं. पण लोकांनी आपापल्या गेमसाठी लिहिलेल्या शेडरांचं, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचं, काय? पूर्ण पडद्यावर धूसरपणा किंवा रंगछटा चढवायला अनेक जण एक चौकोन थेट खोली शून्यावर, म्हणजे अगदी डोळ्यांसमोर, ठेवत. ४.३ आल्यावर तोच शून्य क्षितिजावर गेला आणि चौकोन सगळ्यांच्या मागे. त्यांच्या कोडमधली एक ओळही न बदलता त्यांचा गेम बिघडला. बदलाची माहिती देणाऱ्या लेखाच्या शीर्षकातच गोडोच्या मंडळींनी त्याबद्दल माफी मागितली होती. मला विचाराल तर निर्णय योग्यच होता. पण ज्याचा गेम पुढच्या आठवड्यात बाजारात यायचा होता, त्याला हे पटवायला मी जाणार नाही.

असं काही मोडलं की शोधायचं कसं? दोन आवृत्त्यांच्या मधे हजारो बदल झालेले असतात. प्रत्येक नव्या प्रस्तावावर यंत्रं आपोआप सगळ्या प्लॅटफॉर्मांसाठी इंजिन बांधून बघतात, चाचण्या चालवतात. पण अमुक फोनवरच्या अमुक ग्राफिक्स चिपवर सावली हिरवी पडते, हे त्यांना कुठून दिसणार? तिथे माणूसच लागतो, आणि त्याच्या हाताशी, कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ या साधनाची ‘बायसेक्ट’ ही सोय. शब्दकोशात शब्द शोधतो तसं: मधलं पान उघडायचं, शब्द अलीकडे की पलीकडे ते बघायचं, अर्धा कोश बाजूला. १००० बदलांतला गुन्हेगार १० फेऱ्यांत सापडतो. फक्त प्रत्येक फेरीत इंजिन पुन्हा बांधावं लागतं, आणि साध्या लॅपटॉपवर तेवढ्यात चहा होतो, पिऊन होतो, कप विसळूनही होतो. तरीही तक्रारीबरोबर ‘या बदलापासून बिघडलं’ असं नेमकं लिहून देणारा माणूस इंजिनवाल्यांना फार प्रिय असतो. त्यासाठी कोड लिहिता यावा लागत नाही, चिकाटी लागते.

भाच्याचा गेम मी नंतर गोडोच्या चौथ्या आवृत्तीत हलवला. ‘किल्ला’ पहिल्या फटक्यात नीट उमटला. मग तो ब्राउझरमध्येही चालावा असं त्याला वाटलं. वेबसाठी फाइल जितकी लहान तितकी बरी, म्हणून मी इंजिन स्वतः बांधायला बसलो आणि नको ते भाग गाळत गेलो. मजकुराच्या दोन यंत्रणा दिसल्या, एक मोठी, एक छोटी. छोटी निवडली, फाइल हलकी झाली, मी खुशीत भाच्याला लिंक पाठवली.

पाच मिनिटांनी त्याचा मेसेज आला: “मामा, कलिला परत आला.”