ग्लायफोसेटला न जुमानणारं तण

तणनाशक लागू पडेनासं झालं की पहिला संशय मालावर जातो: डबा बनावट असणार. माल खरा निघाला तर दुसरं स्पष्टीकरण तयारच असतं, की दरवर्षी तेच औषध मारून तणाला त्याची सवय झाली. हे इतकं सहज पटतं की त्यावरून उपायही ठरतो: मात्रा वाढवा. पण तणाला विषाची अशी सवय होत नाही. नीट फवारणी होऊनही जे रोप जगलं, ते बहुधा फवारणीच्या आधीपासूनच इतरांपेक्षा वेगळं होतं.

थोडा हिशेब करू. समजा, एक कोटी रोपांमागे एकात असा जनुकीय बदल आहे की तणनाशक त्याला मारू शकत नाही. फवारणीने बाकीच्यांपैकी 99 टक्के मरतात. उरलेल्यांत त्या वेगळ्या रोपाचं प्रमाण शंभरपटीने वाढून लाखात एक होतं. पुढच्या हंगामात तेच तणनाशक मारलं की हजारात एक. तिसऱ्या हंगामानंतर साधारण दहात एक. म्हणजे तीन वर्षं शेत स्वच्छ दिसतं, शेतकरी समाधानी असतो, आणि चौथ्या वर्षी फवारणीनंतरही शेत हिरवं राहतं. प्रत्यक्षात जमिनीत पडून असलेलं जुनं बी दरवर्षी यात मिसळतं, त्यामुळे वेग मंदावतो. दिशा मात्र बदलत नाही. बिघाड डोळ्यांना दिसतो तेव्हा निवडीचं बरंचसं काम उरकलेलं असतं, हे मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

ग्लायफोसेट हे तणनाशक 1974मध्ये बाजारात आलं. त्यानंतर वीस वर्षांहून जास्त काळ त्याला प्रतिकार करणारं एकही तण नोंदलं गेलं नव्हतं, आणि असं तण होणं फार अवघड आहे असं मानणारे शास्त्रज्ञही होते. त्यांच्या म्हणण्याला आधार होता. वनस्पतीच्या हरितलवकात ईपीएसपीएस नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. फिनाइलअ‍ॅलनिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही तीन अमिनो आम्लं ज्या रासायनिक वाटेने तयार होतात, त्या वाटेवरची एक पायरी हे विकर सांभाळतं. ग्लायफोसेट या विकराच्या नेमक्या त्या खाचेत जाऊन बसतं, जिथे फॉस्फोइनॉलपायरुवेट हा नेहमीचा रेणू बसायला हवा. वाट बंद पडते आणि रोप काही दिवसांत पिवळं पडून मरतं. आता ग्लायफोसेट शिरू नये म्हणून खाचेचा आकार बदलावा, तर नेहमीचा रेणूही नीट बसत नाही. स्वतःचं विकर न बिघडवता ग्लायफोसेटला बाहेर ठेवणं वनस्पतीला सोपं नाही.

पामर अमरांथने खाचेला हातच लावला नाही. राजगिऱ्याच्या कुळातलं हे तण मूळचं अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातलं आणि मेक्सिकोच्या उत्तरेतलं. नर आणि मादी झाडं वेगळी, परागण वाऱ्यावर, आणि एक मोठं मादी झाड पाच लाखांच्या घरात बी देऊ शकतं. अमेरिकेत 1996पासून ग्लायफोसेट सहन करणारी जनुकबदल पिकं आली आणि कापूस-सोयाबीनच्या विस्तीर्ण पट्ट्यांत वर्षानुवर्षं बहुतांशी हे एकच तणनाशक फवारलं गेलं. 2000च्या दशकाच्या मध्याला जॉर्जिया राज्यात ग्लायफोसेटने न मरणारं पामर अमरांथ सापडलं. त्याचं विकर तपासलं तर ते साध्या रोपातल्यासारखंच होतं, ग्लायफोसेटला तितकंच बळी पडणारं.

उत्तर 2010मध्ये प्रसिद्ध झालं. या रोपांत ईपीएसपीएस जनुकाच्या प्रती साध्या रोपांच्या तुलनेत 5 पट ते 160 पटींहून जास्त होत्या. नदीवर एकच पूल असेल तर एक बंद पडलेली गाडी वाहतूक थांबवते; दीडशे पूल असतील तर ती कुठे बंद पडली हे कुणाच्या लक्षातही येत नाही. विकर इतकं मुबलक तयार होतं की फवाऱ्यातलं ग्लायफोसेट त्यातल्या काही रेणूंना अडवून संपतं आणि बाकीचे काम करत राहतात.

मग या प्रती आल्या कुठून? 2018मध्ये दिसलं की त्या मूळ गुणसूत्रांबाहेरच्या डीएनएच्या वर्तुळांवर आहेत. अशा एका वर्तुळाची लांबी सुमारे चार लाख बेस जोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या), आणि त्यावर ईपीएसपीएसबरोबर इतरही डझनावारी जनुकं. पेशी विभागताना गुणसूत्रांची वाटणी काटेकोर होते. ही वर्तुळं मात्र गुणसूत्रांना चिकटून पुढच्या पेशीत जातात, आणि त्यांची वाटणी समान होत नाही. एका पेशीला कमी, दुसरीला जास्त. त्यामुळे एकाच मादीच्या बियांत, इतकंच काय एकाच झाडाच्या निरनिराळ्या पेशींतही, प्रतींची संख्या वेगवेगळी निघते. फवारणीला निवडायला हवी असते ती नेमकी अशी विविधता. मेंडेलच्या नियमांत न बसणारा हा वारसा शेतातल्या एका तणात मिळावा, याचं मला अजून नवल वाटतं.

सगळी तणं हाच मार्ग धरत नाहीत. हरियाणा-पंजाबच्या गव्हातल्या गुल्ली-दंडा या तणावर 1990च्या दशकाच्या सुरुवातीला आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक लागू पडेनासं झालं. हे तण त्या रसायनाचा पेशीतच विघटन करून निकाल लावतं. गहूही आयसोप्रोट्युरॉनपासून स्वतःला असाच वाचवतो. हा प्रकार जास्त घातक, कारण विघटन करणारी विकरं कधी कधी रोपाने पूर्वी कधीच न पाहिलेलं तणनाशकही मोडून काढतात. कमी मात्रेची फवारणी अशा तणाच्या पथ्यावर पडते: थोडीथोडी क्षमता असलेली रोपं जगतात, आपसांत परागण करतात आणि पुढच्या पिढीत ती क्षमता साचत जाते. दुप्पट मात्रा जितकी निरुपयोगी, तितकीच अर्धी मात्रा धोक्याची.

फवाऱ्यात मीठ आणि कपडे धुण्याची पावडर मिसळण्याचे जे सल्ले फिरतात, त्यांनी प्रतिकारक जनुकांच्या प्रती कमी होत नाहीत. मिठाने जमीन मात्र खराब होते. कशालाच दाद न देणाऱ्या ‘सुपरतणां’ची भीतीही फुगवलेलीच आहे. या तणांना बळ मिळालंय ते ठरावीक रसायनांपुरतं. खुरप्याखाली ती इतर तणांसारखीच मरतात. जॉर्जियाच्या कापसात अखेर मजूर लावून तण उपटावं लागलं, आणि ते उपटलं गेलं.

रसायन वापरायचंच तर नाव बदलून भागत नाही. मेटसल्फुरॉन आणि इमाझेथापायर ही नावं वेगळी, पण दोन्ही एकाच विकरावर घाव घालतात. म्हणून क्रियागट, म्हणजे रसायन कशावर घाव घालतं त्यानुसार ठरलेला गट, पाहायचा. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ग्लायफोसेट गट 9, वरची दोन्ही गट 2. एका तणावर प्रभावी असलेले दोन वेगवेगळे गट, दोन्ही पूर्ण मात्रेत, एकत्र वापरले तर दोन्हींतून सुटणारं रोप फारच विरळ. अर्थात मिश्रण शिफारशीतलं हवं, आणि एका गटाला तण आधीच दाद देत नसेल तर सगळा भार दुसऱ्यावर पडतो. नव्या रसायनाची वाट पाहत बसणंही बरं नाही: 1980च्या दशकानंतर सुमारे तीन दशकं तणनाशकाची नवी क्रियापद्धती बाजारात आलीच नाही.

खरा घाव बियांवर घालावा लागतो. पेरणीआधी ओलीवर तण उगवू देऊन ते मारणं, ओळींतलं अंतर कमी करून पिकाची सावली लवकर पाडणं, पिकाची फेरपालट, कोळपणी: यातल्या प्रत्येक गोष्टीने फवारणीसमोर येणाऱ्या रोपांची संख्या घटते, आणि संख्या घटली की त्यात विरळ बदल असण्याची शक्यताही घटते. ऑस्ट्रेलियात रे हॅरिंग्टन या शेतकऱ्याने कापणीच्या वेळी भुशाबरोबर येणारं तणाचं बी भरडून टाकणारं यंत्र घडवलं. तिथल्या रायगवताचं बरंच बी कापणीपर्यंत ओंबीतच राहतं, म्हणून ते जमतं. आधीच बी झाडून टाकणाऱ्या तणावर त्याचा उपयोग नाही.

फवारणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी शेतात फिरताना एक खूण शोधावी. बाकीच्या जातींची तणं मेलीत, पण एकाच जातीची काही रोपं सुकलेली आणि त्यांना लागूनच काही टवटवीत आहेत, असं दिसलं तर प्रतिकाराचा संशय घ्यावा. नोझल चुकलं असतं तर त्या पट्ट्यात सगळ्याच जाती वाचल्या असत्या. ती टवटवीत रोपं फुलोऱ्याआधी मुळासकट काढावीत. पामर अमरांथसारख्या तणात नर झाडंही सोडू नयेत, कारण प्रतिकार परागांतून शेजारच्या शेतातही जातो.