एमओएफ आले कुठून? रिकाम्या जागेची मागची गोष्ट

२०२५ चं केमिस्ट्रीचं नोबेल रॉबसन, कितागावा आणि याघी यांना मिळालं तेव्हा एमओएफ हे नाव बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं. मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क, म्हणजे धातूचे आयन (विद्युतभारित अणू) हे सांधे, सेंद्रिय म्हणजे कार्बनचे रेणू हे दांडे, आणि दोन्ही मिळून झालेलं जाळं, ज्याच्या पोकळीत हवे ते रेणू धरून ठेवायचे. हे रेणू आतल्या भिंतींना चिकटतात, म्हणून याला अधिशोषण म्हणायचं, नुसतं शोषण नाही.

मूळ शोधायचं तर १७५६ पर्यंत मागे जावं लागतं. स्वीडनच्या क्रॉनस्टेट या खनिजतज्ज्ञाने एक खनिज तापवलं तर त्यातून वाफ निघायला लागली, म्हणून त्याने नाव ठेवलं झिओलाइट, उकळणारा दगड. १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये बॅरर आणि अमेरिकेत मिल्टन हे लॅबमध्येच झिओलाइट बनवायला लागले, आणि रेणूंची चाळणी हातात आली, छोटा रेणू आत जातो, मोठा बाहेर राहतो. रिफायनरीत ती आजही चालते. पण सांगाडा सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा, त्यामुळे छिद्राचं माप मनासारखं बदलायला वाव कमीच.

मेलबर्नला रॉबसन १९७४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी रेणूंची लाकडी मॉडेल्स करून घेत होते, गोळ्यांना भोकं कुठे पाडायची ते ठरवताना लक्षात आलं की भोकं बरोबर जागी असली की आकार आपोआप जुळतो, मग खऱ्या अणूंबरोबर हेच का करू नये! ही कल्पना त्यांनी प्रत्यक्षात आणली ती थेट १९८९ मध्ये, तांब्याचे आयन आणि चार हातांचा एक सेंद्रिय रेणू घेऊन, आणि हिऱ्यासारखं पण भरपूर पोकळी असलेलं जाळं तयार झालं. फक्त ते नाजूक होतं, सहज कोसळायचं.

म्हणून मला खरा टर्निंग पॉइंट १९९७ वाटतो. कितागावांच्या ग्रुपचं जाळं मिथेन, नायट्रोजन, ऑक्सिजन आत घेत होतं, सोडत होतं आणि तरी आकार शाबूत ठेवत होतं, म्हणजे पोकळी रिकामी राहूनही टिकू शकते हे दिसलं. १९९९ मध्ये याघींचं एमओएफ-५ आलं, जस्ताचे सांधे आणि टेरेफ्थॅलिक अ‍ॅसिड या सेंद्रिय रेणूचे दांडे यांपासून बनलेलं, रिकामं असताना ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं तरी न मोडणारं. २००२ मध्ये त्याच जाळ्याचे दांडे बदलून १६ प्रकार केले, आणि छिद्राचं माप आता आपण ठरवायचं, हे शक्य झालं.

पण एमओएफ-५ ला दमट हवा सोसत नाही, पाण्याचे रेणू सांधेच सोडवतात. कोणत्या एमओएफच्या आतल्या भिंतींचा पृष्ठभाग सगळ्यात मोठा, या रेकॉर्डची चर्चा खूप होते, कामाला लावायचं तर मला हा प्रश्न त्याहून मोठा वाटतो, कारण कार्बन डायऑक्साइड पकडायचा तर चिमणीतून निघणाऱ्या त्या धुरात वाफ असतेच. २००८ मध्ये ओस्लोच्या ग्रुपने झिर्कोनियमचे सांधे वापरून युआयओ-६६ केलं, ते पाण्यात बऱ्यापैकी तग धरतं. आणि २०२१ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीच्या ग्रुपने काल्फ-२० या एमओएफविषयी मांडलं, जस्त, ट्रायाझोल आणि ऑक्झॅलेट एवढाच साधा माल, पण हवेत मध्यम दमटपणा असला तरी ते पाण्याआधी कार्बन डायऑक्साइड धरतं.